रोग जडल्यावर औषध, त्यापूर्वी केवळ उपदेश

कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या सीपीआरमध्ये, एचआयव्हीची लागण झालेल्या माणसाला आयुष्यभर घ्यावयाची औषधे विनामूल्य मिळतात. १ एप्रिल २००४ रोजी देशात सुरू झालेल्या या योजनेने लक्षावधी माणसे जगविली, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. परंतु ज्याला अद्याप लागण झालेली नाही आणि ती होण्याचा धोका मात्र ज्याच्या रोजच्या जगण्यातच आहे, त्याच्या हाती शासकीय यंत्रणा काय ठेवते? चाचणीचा कागद, निरोधची पाकिटे आणि उपदेशाचे चार शब्द. लागण टाळणारी गोळी तिच्या नियमित मोफत पुरवठ्यात नाही.

ही गोळी काही काल-परवाची नव्हे. टेनोफोविर आणि एम्ट्रिसिटाबिन ही दोन औषधे एकत्र करून केलेली गोळी नेमाने घेतली, तर लैंगिक संबंधांतून होणारी लागण जवळजवळ पूर्णपणे टळते. वैद्यकाच्या व्यवहारात तिला 'प्रेप' म्हणतात. अमेरिकेने २०१२ मध्ये तिला मान्यता दिली. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने, ज्यांना मोठा धोका आहे अशा सर्वांसाठी तिची शिफारस केली. आपल्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेनेही, म्हणजे नॅकोने, २०२२ मध्ये तिच्याविषयीच्या मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. असे असूनही ती आजवर प्रामुख्याने खासगी डॉक्टर, औषध दुकाने आणि काही स्वयंसेवी प्रकल्प यांच्यापुरतीच राहिली आहे.

प्रतिबंधासाठी औषध द्यावे हे तत्त्व शासनाला अमान्य आहे असेही नाही. रुग्णाची सुई परिचारिकेला टोचली, किंवा एखाद्या स्त्रीवर बलात्कार झाला, तर बहात्तर तासांच्या आत औषध सुरू करून ते २८ दिवस देण्याची सोय शासकीय रुग्णालयांत आहे. अपघात आणि अत्याचार यांना औषध लागू होते. जो धोका परिस्थितीने माणसाच्या गळ्यात कायमचा बांधला आहे, त्याला ते लागू होत नाही. या भेदाचा वैद्यकशास्त्राशी काही संबंध नाही. सभ्य आणि असभ्य अशी माणसांची जी प्रतवारी आपल्या मध्यमवर्गीय मनात पक्की बसली आहे, तीच येथे औषधाच्या खिडकीवर येऊन उभी राहते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कोल्हापूर जिल्ह्यात ही माणसे कोण आहेत? देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया, तृतीयपंथी, पुरुषांशी संबंध असणारे पुरुष. आणि ज्यांचा विचार क्वचितच होतो अशा, औषध टाळणाऱ्या बाधित नवऱ्याच्या घरात नांदणाऱ्या स्त्रिया. इचलकरंजीचे यंत्रमाग आणि पुणे-बंगळूर महामार्ग यांमुळे घरापासून महिनोन्‌महिने दूर राहणारा श्रमिक पुरुष हा या जिल्ह्याच्या अर्थकारणाचाच भाग आहे. शेजारच्या सांगलीत १९९२ पासून 'संग्राम' आणि १९९६ पासून वेश्या अन्याय मुक्ती परिषद काम करीत आहेत. प्रतिबंधाचे साधन या स्त्रियांच्या स्वतःच्या हाती आले की त्या ते समर्थपणे वापरतात आणि वाटतात, हे त्यांनी दाखवून दिले. पण निरोधला पुरुषाची संमती लागते. गोळीला ती लागत नाही, आणि तिचे खरे मोल येथेच आहे.

खासगी वाट कोणाची? ज्याच्या खिशात दरमहा औषधाचे पैसे आहेत, दर तीन महिन्यांनी चाचणीचे पैसे आहेत आणि ओळखीच्या औषध दुकानदाराची नजर चुकविण्यासाठी पुण्या-मुंबईला जाण्याची ऐपत आहे, त्याची. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होणाऱ्यासाठी आहे. रोज एक गोळी घेऊन निरोगी राहू पाहणारा तिच्या हिशेबात बसत नाही.

पैसा नाही, ही सबब या देशाला तर मुळीच शोभत नाही. १९७० च्या पेटंट कायद्याने भारतीय कारखान्यांना स्वस्त औषधे बनविण्याची मोकळीक दिली, म्हणूनच २००१ मध्ये सिप्ला वर्षाला साडेतीनशे डॉलरमध्ये तीन औषधांचे मिश्रण देऊ शकली. पाश्चात्त्य कंपन्या त्यासाठी दहा हजारांहून अधिक डॉलर घेत होत्या. २००५ च्या दुरुस्तीने ती मोकळीक आवळली गेली. तरीही टेनोफोविरवरील पेटंटला बाधितांच्या संघटनांनी हरकत घेतली आणि २००९ मध्ये ते नाकारले गेले. ज्या औषधासाठी हा लढा इथल्या रुग्णांनी लढला, तेच प्रतिबंधासाठी इथल्या गरिबाला मिळू नये! आता वर्षातून दोनदा टोचावयाचे लेनाकापावीर आले आहे. अमेरिकेत २०२५ मध्ये त्याची किंमत वर्षाला अठ्ठावीस हजार डॉलरच्या वर ठरली. ते बनविण्याचे परवाने २०२४ मध्ये ज्या सहा कंपन्यांना मिळाले, त्यांत पुण्याची एमक्युअर आहे. आणि दोन भारतीय कंपन्या २०२७ पासून ते वर्षाला सुमारे चाळीस डॉलरमध्ये गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांना देणार आहेत.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. २०२२ मध्ये बाधितांच्याच औषधांचा तुटवडा पडला आणि त्यांना दिल्लीत नॅकोच्या कार्यालयापुढे धरणे धरावे लागले. आजाऱ्यांना औषध पुरत नसता निरोग्यांना ते द्यावे काय? आजाऱ्याचा हक्क पहिला, यात वादच नाही. परंतु आज टळलेली प्रत्येक लागण म्हणजे उद्याच्या आयुष्यभराच्या औषधाची बचत आहे. गोळीने उपदंश वा परमा टळत नाही, मूत्रपिंडाची तपासणी लागते, हेही खरे. त्यासाठीच ती दुकानातून चोरून घेण्याऐवजी डॉक्टरांच्या देखरेखीखाली मिळाली पाहिजे.

त्यासाठी नवी इमारत नको. चाचणी केंद्रे आहेत, समुपदेशक आहेत (वर्षानुवर्षे कंत्राटावर राबणारे, हा वेगळ्या अग्रलेखाचा विषय), चाचणीचे साहित्य आहे. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने बाधितांचे उपचार 'शक्य तितपत' देण्याचे म्हटले. प्रसार रोखण्याची जबाबदारी मात्र केंद्र व राज्य या दोघांवरही टाकली आहे. कोल्हापूरच्या आमदारांनी येत्या अधिवेशनात आरोग्यमंत्र्यांना विचारावे: २०२२ च्या सूचनांनुसार ही गोळी सीपीआरच्या आणि इचलकरंजीच्या शासकीय रुग्णालयाच्या खिडकीवर कोणत्या महिन्यापासून मिळणार, आणि तिच्यासाठी अंदाजपत्रकात किती रुपये धरले आहेत?