विराम : गद्यलेखनातील एक उपेक्षित अंग

धाराशिव जिल्ह्यातील अणदूरचा खंडोबा एका गावचा नाही. देवाची मूर्ती वर्षाचा बराचसा काळ अणदूरला व उरलेला काळ नळदुर्गाजवळच्या मैलारपूरला असते आणि ती सोपविताना दोन्ही गावांचे मानकरी लेखी करार करतात. अशा व्यवहाराबद्दल ‘ठरल्याप्रमाणे मूर्ती नेली नाही’ असे वाक्य कोणी लिहिले, तर त्याचा अर्थ काय करावयाचा? मूर्ती न नेण्याचेच ठरले होते, की नेण्याचे ठरले असून ते मोडले? ‘ठरल्याप्रमाणे’नंतर स्वल्पविराम दिला की पहिला अर्थ निश्चित होतो; दुसरा अभिप्रेत असेल तर वाक्यच नव्याने बांधावे लागते. बोलताना ही अडचण येत नाही, कारण आवाज ती परस्पर सोडवितो. कागदाला आवाज नसतो.

विरामचिन्हे मराठीत उशिरा आली. मोडीत शब्द सुटे करण्याचीही चाल नव्हती. मेजर थॉमस कँडी यांची ‘विरामचिन्हांची परिभाषा’ १८५० मधली. तेथून ही चिन्हे आपल्या छापील गद्यात रूढ होत गेली. म्हणून त्यापूर्वीचे गद्य विरामहीन होते, असे मात्र समजू नये. ‘मग’, ‘तवं’, ‘ऐसें’ हे शब्दच वाक्याचे सांधे दाखवीत. पत्राचा शेवट ‘हे विनंती’ने, आज्ञेचा ‘जाणिजे’ने होई आणि त्याखाली मर्यादेची मुद्रा उमटली की मजकूर संपला, पुढे कोणी भर घालू नये, हे पक्के होई. थांबण्याचे काम भाषा स्वतःच करीत होती. चिन्हे हाती आल्यावर लेखकाने ते काम चिन्हांवर सोपविले आणि पुढे चिन्हांकडेही पाठ फिरविली, असे आजच्या गद्याविषयी खेदाने म्हणावे लागते.

या उपेक्षेची जबाबदारी अध्यापकवर्गाला टाळता येणार नाही. प्रबंधिकेतील ऱ्हस्व-दीर्घ लाल शाईने सुधारले जातात. चुकीच्या जागी पडलेला स्वल्पविराम तसाच राहतो. साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ मध्ये मान्य झाले, १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडली; या अठरांत विरामचिन्हांविषयी एकही नियम नाही. शुद्धलेखन म्हणजे अनुस्वार व वेलांटी, एवढाच संस्कार त्यातून रुजला.

मराठीचे क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. ‘जाऊन’, ‘पाहून’, ‘ठरवून’ अशा धातुसाधितांची साखळी लांबत गेली की वाचकाला क्रियापदापर्यंत सगळे ओझे तोलीत न्यावे लागते. अशा ठिकाणी स्वल्पविराम पेरणे हा उपाय नव्हे. पूर्णविराम देऊन दुसरे वाक्य सुरू करण्याचे धैर्य हवे. ‘की’नंतर उगाच दिलेला स्वल्पविराम किंवा कर्ता आणि क्रियापद यांना अकारण तोडणारा विराम हे दोष श्वासाच्या हिशेबाने चिन्हे देण्यातून येतात. (अर्धविराम तर बहुतेकांनी निवृत्तच केला आहे.) विरामाची जागा अन्वयावरून ठरते. म्हणून ज्याला ती सापडत नाही, त्याला पुष्कळदा स्वतःचे म्हणणेच पुरते उमगलेले नसते.

प्राचीन गद्याच्या अभ्यासात तर हा प्रश्न अधिक बिकट होतो. ‘लीळाचरित्रा’च्या हस्तलिखितांत आजचे स्वल्पविराम, अवतरणचिन्हे वा प्रश्नचिन्हे नाहीत. छापील प्रतीत ती दिसतात ती तुळपुळे, कोलते यांच्यासारख्या संपादकांनी दिलेली असतात. श्रीचक्रधरांचे वचन कोठे संपले आणि म्हाइंभटाचे निवेदन कोठे सुरू झाले, याचा निर्णय त्या अवतरणचिन्हात दडलेला असतो. तो बहुधा साधार असतो. तरीही तो संपादकाचाच निर्णय होय. विद्यार्थी मात्र म्हाइंभटाच्या लहान, तुटक वाक्यांची शैली म्हणून जिची चर्चा करतो, तीत पूर्णविरामांचा वाटा किती, हे तपासीत नाही. एखादा उतारा चिन्हे काढून वर्गात द्यावा, प्रत्येकाने ती आपल्या समजुतीने घालावीत, आणि मग छापील प्रत उघडावी. जेथे मतभेद होतील, तेथेच त्या उताऱ्याच्या अर्थाची चर्चा सुरू करता येईल.