चार छोटे ग्लास

पोस्ट लांब आहे, आणि काही जणांना कडू लागेल.

गेल्या महिन्यात मुलीकडे पुण्याला गेलो होतो. जावई आम्हा दोघांना मुंढव्याच्या इंडिपेन्डन्स ब्रूइंग कंपनीत घेऊन गेले. वेगवेगळ्या बिअरचे चार छोटे ग्लास पुढे आले, चव बघायला. मुलीनं फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. झालं! "वयाला शोभत नाही." "छाणीसारख्या गावात राहता आणि हे?" (छाणी म्हणजे दीक्षा घेणाऱ्या जैनांचं गाव, हे मला बारा वर्षं तिथं राहून माहीत आहे.) एका काकांनी तर नुसते हात जोडले.

काका, मीही हात जोडून विचारतो. दर दिवाळीनंतर दमणला कशाला जाता हो? समुद्र बघायला? आणि चाळिशी ओलांडल्यावर आपल्यातल्या ज्यांनी ज्यांनी 'प्रकृतीच्या कारणास्तव' हेल्थ परमिट काढलं, त्यांची प्रकृती लग्नाच्या वरातीत कशी काय ठणठणीत असते?

आता त्या चार ग्लासांत काय होतं ते ऐका. पहिली गव्हाची बिअर. तिला पिकलेल्या केळ्याचा आणि किंचित लवंगेचा वास. मी म्हटलं, इसेन्स घातला असेल. जावई म्हणाले, नाही बाबा, तो वास यीस्टच तयार करतं. दुसरीत संत्र्याची साल आणि चक्क धने! तिसरी हॉप्सच्या फुलांमुळे कडू, कारल्याच्या आसपास. चौथी काळी, भाजलेल्या दाण्यांची, कॉफीसारखी. आणि बार्लीचं माल्ट कसं करतात? भिजवून, मोड आणून, वाळवून. आई नाचणीचं सत्त्व करायची त्याची पहिली अर्धी कृती हीच. हिनं एकेक ग्लास हुंगून परत ठेवला आणि स्वतःला लिंबू सरबत मागवलं. चार घोट घ्यायला आम्हाला दीड तास लागला, कारण सगळा वेळ बोलण्यात गेला. शेजारच्या टेबलावर आजी, नातू, सून असं अख्खं कुटुंब होतं. काचेपलीकडे स्टीलच्या टाक्या दिसत होत्या. कोणी काही लपवत नव्हतं.

गंमत बघा, कायदा एकच आहे. 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा. 1960 ला राज्यं वेगळी झाली, कायदा दोघांनीही ठेवला. तिकडे त्याच्याच परवान्यावर पुण्यात 2009 ला दूलालीची ब्रुअरी सुरू झाली. इकडे त्याच वर्षी अहमदाबादला लठ्ठाकांडात शंभरावर माणसं गेली. 1989 चं आपल्या बडोद्याचं लठ्ठाकांड तर जुन्या मंडळींना आठवत असेलच. 2022 ला बोटादकडे पुन्हा तेच. मेले ते बहुतेक पोटली पिणारे मजूर. सवलत कुणाला, तर डिसेंबर 2023 ला गिफ्ट सिटीतल्या साहेबांना.

दारूबंदी उठवा असं मी म्हणत नाहीये, नीट वाचा. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंना विचारलं तर त्या म्हणतात, बंदी आहे म्हणून निदान पगाराची अर्धी नोट तरी घरी येते. त्यांच्यापुढे माझ्याकडे उत्तर नाही. माझं भांडण आपल्याशी आहे, भिंतीवर सयाजीराव महाराजांचा फोटो लावून कपाटात बाटली ठेवणाऱ्यांशी.

कारण आमच्या घरात हेच झालं. आमचे दादा. दांडिया बाजारात सगळे ओळखायचे, गणपतीच्या आरतीला आवाज त्यांचा. बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून स्कूटरच्या डिकीतून यायची. बाथरूममध्ये उभ्यानं, पाणी न घालता, दोन मिनिटांत संपायची, कारण लपून पिणाऱ्याला सावकाश पिता येत नाही. आम्हा सगळ्यांना माहीत होतं. डॉक्टरांकडे न्यायचं तर खरं सांगावं लागणार, खरं सांगितलं तर गुन्हा, शिवाय दोन बहिणींची लग्नं व्हायची होती. नेलं तेव्हा लिव्हर गेलेलं होतं. बावन्नाव्या वर्षी गेले. भेटायला आलेल्यांना आम्ही सांगितलं, कावीळ झाली. अजूनही दर श्राद्धाला कोणीतरी म्हणतं, त्या काविळीनं घात केला हो. आणि मी मान हलवतो. या वर्षीपर्यंत हलवत होतो.

फोटोवर इतक्या जणांनी लिहिलं, पण फोन एकट्या वहिनींनी केला. (त्यांना विचारूनच हे लिहितोय.)

"भाऊजी, वास कसा होता हो त्याला?"

म्हटलं, "एकीला केळ्याचा, वहिनी."

जरा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आणि सगळ्यांसमोर बसून घेतलीत?"

"हो. ही पण शेजारी होती."

"मी बावीस वर्षं उदबत्त्या लावल्या," एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला.