मूठ आणि मीमांसक

कलेत उपयुक्ततेचा शिरकाव झाला की कला हीन होते, असे प्रतिपादन आमच्याकडे वारंवार ऐकू येते. काठीची मूठ घडविणारा तो कारागीर, आणि दिवाणखान्यातील शोभेची वस्तू घडविणारा तो कलावंत, ही वर्गवारी त्याच मताचे अपत्य होय. हे मत किती पोकळ आहे, हे ठरविण्यास मेंढ्याचे एक शिंग पुरेसे आहे.

इंग्लंडच्या उत्तर भागात व स्कॉटलंडच्या सीमेवर मेंढपाळांच्या काठीस या शिंगाची आकडेदार मूठ बसवितात. शिंग मुळात पोकळ आणि पिळदार. ते उष्णतेने मऊ करावयाचे, दाबून आतील पोकळी मिटवावयाची, पीळ काढून एका पातळीत आणावयाचे, साच्याभोवती वाकवून थंड होईपर्यंत जखडून ठेवावयाचे. त्यानंतर कानशीचे काम. उष्णता कमी पडली तर शिंग तडकते, अधिक झाली तर करपून ठिसूळ होते. शिवाय आकड्याचे माप लहरीवर नाही. मेंढीची मान धरावयाची तर तोंड चार बोटे रुंद. पाय धरावयाचा तर जुनी इंग्रजी पेनी, म्हणजे सुमारे ३१ मिलिमीटर, आत जाईल एवढेच.

या मापाने कलेचे काय बिघडले? ‘लोखंडी सळईचा आकडाही मेंढी धरतो, तीही कलाकृती काय?’ असे मीमांसक विचारतील. नव्हे, केवळ माप पाळल्याने कोणी कलावंत होत नाही. परंतु त्या चार बोटांच्या बंधनातही टोकाला मुरका कोठे द्यावा, जाडी कोठे उतरवावी, शिंगाची कोणती छटा दर्शनी राखावी, हे प्रश्न उरतातच. आणि बंधन आहे म्हणूनच त्यांच्या उत्तरांना मोल येते. छंदाने कविता मरत नाही हे ज्यांना पटते, त्यांना मापाने मूठ मरत नाही हे का पटू नये?

हा प्रश्न परदेशापुरता नाही. सावंतवाडीस म्हशीच्या व गव्याच्या शिंगांचे कोरीव काम होत असे. इंग्रजी अमदानीतील गॅझेटियराने त्याची नोंद केली ती दिवाणखान्याची शोभा म्हणून! वस्तूची किंमत ती कोणत्या खोलीत शोभते यावरून ठरविण्याची ती दृष्टी आम्ही अद्याप सोडलेली नाही. काठीवर भार टाकणारा तळहात हाच मुठीचा पहिला परीक्षक होय. मीमांसकांनी आपला निर्णय त्याच्यानंतर द्यावा.