कळणे आणि आवरणे

मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात भरधाव मोटारीच्या धडकेत दोघा तरुण अभियंत्यांचा जीव गेला. अल्पवयीन आरोपीला ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीसह जामीन मिळाल्यावर संताप उसळला. त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालवण्याची मागणी बाल न्याय मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली. अशा प्रकरणांत वैद्यकशास्त्र नेमके काय सांगू शकते?

२०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार १६ ते १८ वयाच्या मुलावर किमान सात वर्षे शिक्षेच्या गुन्ह्याचा आरोप असेल, तर मंडळ त्याची मानसिक-शारीरिक क्षमता आणि परिणामांची समज तपासते. मंडळात जाणकार सदस्य नसेल तर मानसशास्त्रज्ञांची मदत घेणे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बंधनकारक केले.

अडचण अशी, की तज्ज्ञ मुलाला भेटतो तो घटनेनंतर, शांत खोलीत. तिथे सोळा वर्षांचा मुलगा जवळजवळ प्रौढासारखी उत्तरे देतो. पण आवेगाला लगाम घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. थराराला भुलणारी यंत्रणा मात्र वयात येतानाच जोरात असते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात, मोटार चालवण्याच्या खेळात किशोरांनी मित्र सोबत असताना एकट्यापेक्षा बराच जास्त धोका पत्करला. प्रौढांमध्ये हा फरक दिसला नाही. म्हणजे कळणे वेगळे, आवरणे वेगळे. गुन्ह्याच्या क्षणी मुलाला स्वतःला किती आवरता आले असते, हे मागाहून मोजणारी चाचणी आम्हा डॉक्टरांकडे नाही.

याचा अर्थ मुलाची जबाबदारी संपते, असा नव्हे. घडत असलेला मेंदू वळवताही येतो, एवढाच. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात, प्रौढांच्या न्यायव्यवस्थेत पाठवलेल्या मुलांकडून पुढे हिंसक गुन्हे अधिक घडल्याचे आढळले. कठोर शिक्षेने समाज सुरक्षित होतोच असे नाही.

मात्र निबंध म्हणजे पुनर्वसन नव्हे. पुनर्वसन म्हणजे व्यसनमुक्ती, शिक्षण, नियमित समुपदेशन, पालकांनाही समोर बसवणे आणि सुटकेनंतरचा पाठपुरावा. मंडळ मुलाला विशेष गृहात जास्तीत जास्त तीन वर्षे ठेवू शकते. तेवढ्या काळात तिथे मनाचा डॉक्टर फिरकलाच नाही, तर ती ना शिक्षा ठरते ना सुधारणा. जीव गमावलेल्यांच्या घरच्यांना तरी मग आपण काय उत्तर देणार?