यादीत नाव आहे का?



मागच्या आठवड्यात मी कामावरून घरी आलो, तर शेजारच्या मावशींची लेक दारात वाट पाहत होती. पोरगी एकोणीस वर्षांची, इथे कन्नडलाच कॉलेजात शिकते. म्हणाली, "काका, आपल्या भागातून आजवर दिल्लीला कोण कोण गेले? त्यात आपला माणूस किती वेळा होता?" म्हटले, बस, वही काढ. आज हीच वही आपणा सर्वांपुढे ठेवतो.

निजामाच्या राज्यात दिल्लीच्या कायदेमंडळात आपला निवडून दिलेला माणूसच नव्हता. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आले, मग राज्यघटना आली आणि १९५२ ला आपल्या लोकांनी पहिल्यांदा खासदार निवडला. त्या वेळी आपण हैदराबाद राज्यात होतो. पहिले खासदार काँग्रेसचे सुरेशचंद्र आर्य. १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९५७ ला मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ निवडून आले. १९६२ आणि १९६७ ला भाऊराव देशमुख, १९७१ ला माणिकराव पालोदकर. इथपर्यंत सगळी काँग्रेस.

आणीबाणीनंतर १९७७ ला वारे फिरले आणि जनता पक्षाचे बापू काळदाते आले. १९८० ला इंदिरा काँग्रेसचे काझी सलीम. १९८४ ला देशभर काँग्रेसची लाट होती, तरी इथे समाजवादी काँग्रेसचे साहेबराव डोणगावकर जिंकले. १९८९ आणि १९९१ ला शिवसेनेचे मोरेश्वर सावे, १९९६ ला प्रदीप जैस्वाल, १९९८ ला काँग्रेसचे रामकृष्णबाबा पाटील. १९९९ पासून लागोपाठ चार वेळा चंद्रकांत खैरे. २०१९ ला वंचित बहुजन आघाडीशी युती करून लढलेल्या एमआयएमचे इम्तियाज जलील. २०२४ ला शिवसेनेचे संदीपान भुमरे.

पोरीने बोटावर मोजले. अठरा निवडणुका, तेरा माणसे. म्हणाली, "काका, यात बाई एकही नाही. आणि आपला बौद्ध माणूसही नाही."

खरे आहे. ही जागा राखीव नाही, म्हणून आपल्या नशिबी नाही, असे आपलेच लोक म्हणतात. पण १९९८ साल आठवा. अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, अमरावतीतून रा. सू. गवई, चिमूरमधून जोगेंद्र कवाडे आणि उत्तर-मध्य मुंबईतून रामदास आठवले असे रिपब्लिकन चळवळीचे चौघे एकाच निवडणुकीत लोकसभेत गेले. चारही जागा खुल्या होत्या. गट एकत्र आले, काँग्रेसशी समझोता झाला आणि मते फुटली नाहीत. खुल्या जागेचे दार आतून बंद नसते, हे त्या वर्षी दिसले.

मतदारसंघाच्या रेषाही समजून घ्या. २००८ च्या फेररचनेनुसार कन्नड, वैजापूर, गंगापूर आणि शहराच्या तीन जागा मिळून आपली लोकसभा होते. सिल्लोड, फुलंब्री आणि पैठण जिल्हा आपलाच असून जालन्याला मत देतात. शहरातली पश्चिम ही विधानसभा अनुसूचित जातीसाठी राखीव आहे.

मग मी पोरीला विचारले, "तुझे नाव मतदार यादीत आहे का?" ती गप्प. अजून अर्जच भरला नव्हता.

मला माझी आजी आठवली. ती अंगठाबहाद्दर. १९५२ ला प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असायची, पेटीवर चिन्ह. आपल्या माणसाच्या पेटीत कागद टाकायचा. आजी सांगायची, "मत टाकून आले तेव्हा वाटलं, आपणही कोणीतरी आहोत." त्याच निवडणुकीत देशभरातल्या सुमारे २८ लाख बायांची नावे यादीतून गेली. कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई एवढेच सांगितले होते.

सर्वांना मत मिळावे ही मागणी बाबासाहेबांनी १९२८ ला सायमन कमिशनपुढे मांडली होती. मात्र १९५२ ला ते स्वतः उत्तर मुंबईतून आणि १९५४ ला भंडाऱ्यातून हरले. ज्यांनी आपल्याला मत मिळवून दिले, त्यांनाच आपण लोकसभेत पाठवू शकलो नाही. ही बोच विसरायची नाही.

एका नावाने काय होते, असे म्हणू नका. २०१९ ला इथला निकाल अवघ्या ४,४९२ मतांनी लागला. एवढी माणसे तर आपल्या दोन-चार गावांतच निघतील.

बायांसाठी लोकसभेत एकतृतीयांश जागांचा कायदा २०२३ ला झाला; जनगणना आणि फेररचनेनंतर तो लागू करायचा, अशी अट त्यात घातली गेली. पण खासदारांच्या यादीत बाईचे नाव यायचे, तर आधी मतदारांच्या यादीत आपल्या लेकीसुनांची नावे हवीत.

त्याच रात्री पोरीने नमुना ६ चा अर्ज भरला. जन्माचा दाखला मावशींनी ट्रंकेतून काढून दिला. आज जेवण झाल्यावर आपल्याही घरात मोजा. अठरा वर्षे पूर्ण झालेली किती आणि यादीत किती? लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव माहेरच्याच गावात राहिले नाही ना, तेही बघा.

जयभीम.