चेटूक पुढे, माणूस मोकळा

'छोरी २' हा विशाल फुरिया दिग्दर्शित हिंदी भयपट फसला आहे, आणि मुलींच्या जिवाशी निगडित असा सकस विषय हाती असताना तो फसावा, हे दुर्लक्ष करण्याजोगे नाही, अशी या पत्राची भूमिका आहे. २०१७ च्या 'लपाछपी' या मराठी चित्रपटात याच दिग्दर्शकाने उसाच्या फडातील कोंडी आणि स्त्रीभ्रूणहत्या, म्हणजे मुलगी आहे म्हणून गर्भ संपवणे, यांची अशी घट्ट सांगड घातली होती की भुतापेक्षा घरातल्या माणसांचीच धास्ती वाटावी. एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या या चित्रपटात मात्र ती धास्ती शेताखालच्या भुयारांत आणि दासी माँ या खलनायिकेच्या अचाट शक्तींत विरून जाते. (भुयारांवरचा खर्च तेवढा डोळ्यांत भरतो.)

क्रौर्य अमानवी शक्तीच्या खाती जमा झाले की प्रेक्षक स्वतःला निर्दोष ठरवून मोकळा होतो. उसाचे फड अंगणापर्यंत पोहोचलेल्या अहिल्यानगर जिल्ह्याला ही सवलत परवडणारी नाही, कारण २०११ च्या जनगणनेनुसार येथे शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे ८५२ मुलीच होत्या, आणि ही तूट चेटकाने नव्हे, तर गर्भलिंगनिदान आणि कुटुंबाची मूकसंमती यांनी घडवली.

तिसरा भाग काढायचाच असेल, तर निर्मात्यांनी आधी ते भुयार बुजवावे आणि कॅमेरा पुन्हा माजघरात न्यावा.