औषधाचा वाटखर्च

दिवाळीला घरच्या वडीलधाऱ्यांसाठी काय न्यावे, याचे उत्तर हल्ली ठरून गेले आहे : टॉनिकची बाटली, नाही तर जीवनसत्त्वांच्या गोळ्या. ‘जीवनसत्त्व’ हा शब्दच असा भारदस्त, की ज्यात जीवनही आहे आणि सत्त्वही, ते अपाय कसा करील, असेच कोणालाही वाटावे! पण घरात कंपवाताचे रोगी असतील, तर बाटलीचे बूच काढण्यापूर्वी थोडे थांबावे.

लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या दुखण्याचे वर्णन केले. हात कापतो, चाल आखडते, चेहऱ्यावरचे भाव मावळतात. मेंदूत डोपामिन नावाचे द्रव्य फार कमी पडते, हे मात्र व्हिएन्नातल्या संशोधकांनी १९६० साली दाखवले. मग डोपामिनच का देऊ नये? तर रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक चौकी आहे, ती त्याला आत सोडीत नाही. लेव्होडोपाला सोडते. म्हणून लेव्होडोपा द्यायचा आणि मेंदूने आत त्याचे डोपामिन करून घ्यायचे. हे काम करणाऱ्या एन्झाइमला ब-६ जीवनसत्त्वाची मदत लागते.

मौज अशी, की तोच कारखाना आतड्यात नि यकृतातही चालू असतो. गावी धाडलेल्या पैशांपैकी बहुतेक वाटखर्चातच जावेत, तशी औषधाची गत होते. ब-६ ची गोळी वरून घेतली, की हा वाटखर्च आणखी वाढतो. ती घेणाऱ्यांना लेव्होडोपाचा गुण येईनासा होतो, असे अमेरिकेतल्या डॉक्टरांनी १९६९ साली नोंदवले.

पुढे लेव्होडोपाच्या जोडीला कार्बिडोपा आला. तो मेंदूत शिरत नाही. बाहेरचा कारखाना तेवढा रोखतो. त्यामुळे आज साध्या गोळीतल्या ब-६ ने सहसा बिघडत नाही. उलट कार्बिडोपा या जीवनसत्त्वालाच धरून बसतो आणि मोठी मात्रा दीर्घकाळ घेणाऱ्यांना त्याची वाण पडू शकते. म्हणून ते भरपूर द्यावे म्हणाल, तर तेही नको. फार ब-६ महिनोन्महिने पोटात गेल्यास पाय बधिर होतात. देणे आणि न देणे, दोन्ही आपल्या मनाने करण्याजोगे नव्हे.

जीवनसत्त्वाच्या उणिवेनेच कंपवात होतो, असे सिद्ध झालेले नाही. पण ब-१२ ची उणीव त्याच्या आडोशाला बसते, हे मला अधिक चिंतेचे वाटते. लेव्होडोपाचा काही भाग शरीरात मोडताना होमोसिस्टीन नावाचे द्रव्य वाढते. त्याचा निचरा करण्यास ब-१२ आणि फोलेट लागतात. आपल्या शाकाहारी घरांत ब-१२ मुख्यतः दूधदह्यातूनच यायचे, आणि म्हातारपणी ते अंगी नीट लागत नाही. मग पायांना मुंग्या, चालताना तोल जाणे, विसरभोळेपणा. घरचे म्हणतात, “आजारच वाढला हो, आता काय करणार!” आणि जे भरून निघाले असते, तेही तसेच राहते.

साध्या रक्ततपासणीने ब-१२ ची उणीव बहुधा कळते. मात्र तपासणी गोळ्या सुरू करण्यापूर्वी करावी. नंतर केल्यास रक्तातला आकडा वरवर चांगला दिसतो आणि मूळ उणीव किती होती, ते कळत नाही.